जूनमधली शाळा, पेरणीची घाई आणि गुरुजींना द्यायचं पत्र

खानदेशात शाळा उघडते तेव्हा घरात कुणालाच फुरसत नसते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीपर्यंत थांबतात. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या शाळा मात्र बाकी महाराष्ट्राबरोबर जूनच्या मध्यालाच सुरू होतात, आणि ऊन आमच्याकडेही काही कमी नसतं. त्याच दिवसांत मृग लागलेलं असतं. बागायती कापूस लागून नांग्या भरणं (न उगवलेल्या जागी पुन्हा बी लावणं) चालू असतं, कोरडवाहूवाले बियाणं-खत घरात आणून आभाळाकडे बघत असतात. अशा घरातून एक लेकरू पहिलीला आणि एक मुलगी नववीला एसटीने अमळनेरला पाठवायची, तर तयारी मे महिन्यातच लागते.

या सगळ्या धावपळीत एक गोष्ट मी पक्की मानते. चांगल्या शिक्षकाचा मान राखायचा तर ५ सप्टेंबरला फूल देऊन भागत नाही. जूनमध्ये त्यांचा वेळ आपल्या अर्धवट कागदांत जाऊ द्यायचा नाही, आणि त्यांनी आपल्या लेकरासाठी नेमकं काय केलं ते पुढे कागदावर लिहून द्यायचं. पुढची सगळी कामं मी याच हिशेबाने लावते.

आधी कागद. जन्मदाखला, आधार आणि शाळेचं जनरल रजिस्टर या तिन्ही ठिकाणी मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळवून बघायची. आमच्याकडे यात हमखास घोळ होतो, कारण अर्धं गाव पाटील. आजोबांच्या दाखल्यावर पवार किंवा सूर्यवंशी, वडिलांच्या आधारवर पाटील, आणि मुलाच्या जन्मदाखल्यावर नावाचा रकानाच रिकामा, कारण नोंद बारशाआधी झालेली. इंग्रजी स्पेलिंगचं तर विचारूच नका. शाळा मुलाची माहिती ऑनलाइन भरते तेव्हा नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी पडताळलं जातं. एक अक्षर चुकलं तरी आधार अवैध दाखवतं.

हे फक्त आपल्या पोराचं काम अडकण्यापुरतं नसतं. शाळेला किती शिक्षक मिळणार, हे संचमान्यतेत ठरतं, आणि ती ३० सप्टेंबरच्या पटावर, आधार वैध असलेल्या मुलांची मोजणी करून होते. लहान गावाच्या शाळेत चार-पाच मुलांचे आधार जुळले नाहीत तर पट कागदावर कमी दिसतो, आणि मग शिक्षकाचं पदच धोक्यात येतं. ज्या गुरुजींचं आपण कौतुक करतो, त्यांची खुर्ची आपल्या घरातल्या एका स्पेलिंगवर अवलंबून असू शकते. म्हणून हे काम शाळा उघडायच्या आधीच करायचं.

जन्मदाखला बरोबर आणि आधार चुकीचं असेल तर मूळ जन्मदाखला घेऊन आधार केंद्रावर जा. मुलालाही न्यावं लागतं. आधारवर जन्मतारीख एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येतं, तेव्हा पावतीवर सही करण्याआधी पडद्यावरचं नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हीत वाचून घ्या. ऑपरेटर घाईत असला तरी आपण घाई करायची नाही. ५ आणि १५ वर्षं पूर्ण झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद नव्याने करावी लागते. ५ ते ७ आणि १५ ते १७ या वयात ती मोफत होते. म्हणजे पहिलीतलं आणि नववी-दहावीतलं मूल एकाच फेरीत उरकतं.

चूक शाळेच्या रजिस्टरमध्ये असेल तर मूल त्या शाळेत शिकत असतानाच मुख्याध्यापकांकडे पुराव्यासह अर्ज द्यायचा. दुरुस्तीला वरच्या कार्यालयाची मंजुरी लागते, त्यात महिने जातात. दहावीचा बोर्डाचा फॉर्म शाळेच्या नोंदीवरूनच भरला जातो आणि एकदा प्रमाणपत्र छापून आलं की दुरुस्ती फार जड जाते. म्हणून नववीचा जून हीच खरी वेळ.

शाळा सोडल्याचा दाखला नव्या शाळेत मूळच जमा करावा लागतो. देण्याआधी त्याच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. बाकी मूळ कागद घराबाहेर द्यायचे नाहीत. प्रत्येक मुलाची चेनवाली प्लास्टिकची फाइल, तीत तीन-तीन झेरॉक्स आणि चार फोटो. पावसात दुचाकीवरून नेताना साध्या पुठ्ठ्याच्या फायलीचा लगदा होतो. उत्पन्नाचा दाखला ३१ मार्चला संपतो, तेव्हा नवा एप्रिल-मेमध्येच काढावा. जूनमध्ये सेतूवर दहावी-बारावीवाल्यांची रीघ असते. शिष्यवृत्तीसाठी बँकेत विचारताना “खातं आधारला लिंक आहे का” एवढंच विचारू नका, “डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात यावेत म्हणून) सीडिंग झालंय का” असं विचारा. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, आणि पैसे सीडिंग झालेल्या खात्यातच येतात.

नववीचं वर्ष खर्चाचंही. आठवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत बालभारतीची पुस्तकं मोफत, गणवेश मोफत, दुपारचं जेवण शाळेत. नववीत तिन्ही एकदम थांबतं. पुस्तकं शेजारच्या मुलीची वापरायची असतील तर पहिल्या पानावरची आवृत्ती बघून घ्या. अभ्यासक्रम इयत्तेगणिक बदलतोय, पहिलीचं पुस्तक तर २०२५-२६ पासूनच नवं झालं. गणवेशाचं कापड मेच्या पहिल्या पंधरवड्यात शिंप्याकडे गेलं पाहिजे, नंतर त्याच्याकडे सगळ्या गावाचं काम पडतं. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. खाली दोन इंच दुमड ठेवायला सांगा. मोफत गणवेश यायला वेळ लागला तर जुना धुऊन-इस्त्री करून चालवायचा, त्यासाठी गुरुजींना रोज विचारून भंडावू नये.

दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, असं २०२० च्या दप्तर धोरणात आहे. २० किलोच्या लेकराला २ किलो. दुकानाच्या काट्यावर एकदा ठेवून बघा, रिकामं दप्तरच कधी कधी पाऊण किलो भरतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पण आमच्या उन्हात पाणी कमी करून चालत नाही. अर्ध्या लिटरची बाटली द्यायची आणि शाळेत पुन्हा भरून घ्यायची सवय लावायची. शाळेचा नळ चालतो की नाही, टाकी धुतली का, हे पहिल्याच आठवड्यात बघून यावं.

झोपेचं गणित उन्हाळ्यात बिघडतं. गच्चीवर गाद्या पडलेल्या, गार वारा सुटेपर्यंत अकरा वाजतात, आणि सकाळी ऊन अंगावर आल्यावरच पोरं उठतात. शाळेच्या आदल्या दिवशी लवकर झोपवून काही साधत नाही. १ जूनपासून दर दोन-तीन दिवसांनी झोपणं आणि उठणं दोन्ही पंधरा मिनिटं लवकर करत जा. पहिल्या आठवड्यात वर्गात पेंगणारी मुलं बहुतेक याच कारणाने पेंगतात.

आता डबा. पहिलीच्या लेकराला दुपारी शाळेत जेवण मिळतं, त्याच्यासाठी शिजवायच्या धान्याचं प्रमाण रोजचं १०० ग्रॅम आहे. त्यामुळे त्याला लहान सुटीपुरतं केळं किंवा शेंगदाणा-गूळ पुरे. खरा डबा नववीच्या मुलीचा. सकाळच्या पहिल्या एसटीला निघालेली मुलगी डबा उघडते तेव्हा तो सहा-सात तासांचा झालेला असतो. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी तव्यावरून ताटात अमृत, पण डब्यात दुपारपर्यंत वातड होते. शेवभाजीचा रस्सा दप्तरात सांडतो. दशमी मात्र टिकते. दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी कोमट दूध, चिमूटभर मीठ, एक चमचा तेल. पाण्याचा थेंब नाही. पंधरा मिनिटं झाकून ठेवून पोळीपेक्षा जाड लाटायची आणि मध्यम आचेवर भाजायची. दुधामुळे लवकर डाग पडतात, मोठ्या आचेवर वरून करपून आतून कच्ची राहते. कणीक रात्री मळून ठेवू नये, जूनच्या उकाड्यात आंबते. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे दशमी फडक्यावर पसरून पूर्ण निवल्याशिवाय डब्यात भरायची नाही. गरम भरली की वाफेचं पाणी झाकणाला धरतं, दशमी ओली होते आणि दुपारी वास मारते. सोबत लसणाची कोरडी शेंगदाण्याची चटणी. टोमॅटो-कांद्याची ओली भाजी हिवाळ्यासाठी ठेवावी.

एसटीचा पास मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, मुलग्यांना भाड्यात ६६.६७ टक्के सवलत मिळते. शाळेने यादी दिली तर पास शाळेतच मिळू शकतात, तेव्हा आगारात रांग लावण्याआधी वर्गशिक्षकांना विचारा. ती यादी वेळेत जावी म्हणून आपला फोटो आणि आधारची झेरॉक्स पहिल्या दिवशीच द्यायची.

कुणी काय करायचं यासाठी आम्ही स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूने आठवडा मांडतो. सकाळी कोण सोडणार, दुपारी कोण आणणार, एसटीच्या वेळा, आणि शेतीच्या थ्री-फेज विजेची पाळी. हा शेवटचा रकाना शहरातल्या घरात लागत नाही, आमच्याकडे त्याच्याशिवाय काहीच जुळत नाही. रात्रीची लाइट असलेल्या आठवड्यात बाप्या माणसं पाणी भरायला मळ्यात जागतात, सकाळी त्यांच्यावर मुलांची जबाबदारी टाकली की शाळा बुडालीच समजा. त्या आठवड्यात सोडायचं काम आजोबांकडे. सासूबाईंना मोबाईलवरचे शाळेचे निरोप वाचता येत नाहीत, म्हणून निरोप आला की तोही दारावर लिहायचा.

पहिल्या आठवड्यात शिक्षकांना पाच मिनिटं भेटून या, पण परिपाठ-हजेरीच्या वेळी नाही, शाळा सुटल्यावर. मुलाला लांबचं दिसतं का, फिट किंवा दम्याचा त्रास आहे का, घरी कोणती बोली आहे, न्यायला कोण येणार, दिवसा कोणता फोन लागतो, एवढं सांगायचं. घरी अहिराणी असेल तर ते लाजत सांगू नये. “माले समजनं नही” (मला समजलं नाही) असं पोराला वर्गात बेधडक म्हणता आलं पाहिजे. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी-भिली बोलणाऱ्या मुलांच्या बाबतीत हे आणखी खरं आहे. आणि “गुरुजी, मारा पण शिकवा” ही आपली जुनी बोलण्याची रीत सोडा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे, आणि चांगल्या शिक्षकाला अशी मुभा नकोच असते.

आता पत्राबद्दल. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. त्यांच्याबद्दल आमच्याकडे आजही जे बोललं जातं ते वसतिगृहातल्या मुलांच्या खोल्या स्वतः आवरून ठेवणारे, मुलांसाठी “विद्यार्थी” मासिक काढणारे गुरुजी म्हणून. नुसतं “आदर्श शिक्षक” कुणी म्हणत नाही, केलेलं काम सांगतं. आपल्या पत्रातही तसंच असावं. मूल जूनमध्ये कुठे होतं, शिक्षकांनी काय केलं, आता काय बदललं, एवढं आलं पाहिजे. खाली तारीख, सही, मुलाचं नाव आणि इयत्ता. अर्ध्या पानाच्या वर जाऊ नका. नमुना असा:

“आदरणीय गुरुजी, सा. न. वि. वि. माझा मुलगा पहिलीत आहे. जूनमध्ये तो वर्गात तोंड उघडत नव्हता. तुम्ही त्याचं अहिराणीतलं उत्तर आधी बरोबर म्हणून मान्य केलंत आणि मग तेच वाक्य मराठीत त्याच्याकडून म्हणवून घेतलंत. आता तो घरी आजीला पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवतो. आम्ही सगळे आपले आभारी आहोत.”

पत्राची एक प्रत शिक्षकांना, एक मुख्याध्यापकांना, आणि एक शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून इतिवृत्तात नोंदवायला सांगा. समितीत ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, तेव्हा हे मागायला संकोच नको. आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांनाही एक प्रत द्यावी. त्यांच्याकडे एरवी पालकांच्या तक्रारीच जातात. पत्राची वेळ म्हणाल तर गुरुपौर्णिमा फार लवकर येते, तोवर सांगण्यासारखं साचलेलं नसतं. ऑगस्टच्या अखेरीला लिहून ५ सप्टेंबरला द्या. साडी, शर्टपीस, पाकीट काहीही देऊ नका. ज्या घराला ते परवडत नाही त्या घरच्या मुलाला ते लागतं, आणि शिक्षकही अडचणीत येतात. गावातल्या अंगणवाडी सेविकेला असंच एक पत्र जूनमध्येच द्यावं. पहिलीत न रडता बसलेलं मूल तिच्या हाताखालून आलेलं असतं आणि तिचं नाव शिक्षकदिनाला कुणी घेत नाही.

दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी येते. त्या दिवसांत घरी लहान भावंड सांभाळायला मुलगी ठेवणं भाग पडणार असेल तर आधी सांगा, म्हणजे शिक्षक राहिलेला पाठ पुढेमागे करून घेतात. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी गाव सोडण्याआधी शाळेतून शिक्षण हमी पत्रक मागून घ्यावं. कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत ते दाखवलं की मुलाला त्याच इयत्तेत बसवतात, आणि परत आल्यावर गावच्या शाळेत नव्याने नाव घालावं लागत नाही. पत्रक मुलाच्या दप्तरात ठेवू नका, आईच्या कागदांत ठेवा.