डावीकडची ती रेघ

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रदर्शनात विचारलंत, ग्रुपवर विचारलंत, परवा तर एका लग्नात माझ्या हातात ताट असताना विचारलंत. "लोफोटेनचा तो फोटो एवढा सुंदर आहे, डावीकडची ती पांढरी रेघ का नाही काढून टाकत? फोटोशॉपमध्ये दोन मिनिटांचं काम आहे."

दोन मिनिटांचं काम आहे, मला माहीत आहे. फक्त माझ्यासमोर 'दोन मिनिटं' एवढं म्हणू नका.

फोटो ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरचा उट्टाक्लेवचा किनारा, गोल गुळगुळीत धोंडे, त्यांच्यामधून धुक्यासारखं झालेलं पाणी, मागे बर्फाचे डोंगर, सगळं निळं. आणि खाली डाव्या कोपऱ्यात एक बारीक रेघ. आडवी येते, जराशी थरथरते, मग सरळ खाली जाते आणि एका ठिपक्यात संपते. आजवर मी सांगत आले की कुणाचातरी हेडटॉर्च मध्ये आला. एका गृहस्थांनी "उल्का का हो?" म्हणून विचारलं, त्यांना मी हो म्हटलं. धोंड्यांच्या अलीकडे उल्का कशी पडेल, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही काढलं नाही.

आम्ही चौघी, म्हणजे बाई, ताई, डॉक्टर आणि मी, २०२३ च्या मार्चमध्ये गेलो होतो हे तुम्हाला ठाऊकच आहे. व्हिसा, खर्च, गाडी कुठून घेतली, ते सगळं डॉक्टरला विचारा, तिच्याकडे तक्ता आहे. नॉर्दर्न लाइट्स दिसले का, तर दिसले, तीन रात्री. डोळ्यांना बराच वेळ राखाडी ढगासारखे, कॅमेऱ्याला हिरवेगार. तो हिरवा रंग शंभरेक किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा, हे बाईंनी गारठ्यात उभं राहून समजावलं. हामनोयच्या पुलावरून लाल घरांचा फोटो काढला का? काढला. तिथे पहाटे कठड्याला इतके ट्रायपॉड लागलेले असतात की रेशनच्या रांगेची आठवण यावी. तुमच्याकडे असलेलाच फोटो माझ्याकडेही आहे.

सांगायचं आहे ते बाईंबद्दल. आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात मोठ्या, तेव्हा एकसष्ट वर्षांच्या. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, म्हणून आम्ही सगळ्याच त्यांना बाई म्हणतो. लोफोटेन ही त्यांचीच निवड. 'उष्ण सागरी प्रवाहामुळे नॉर्वेची बंदरे हिवाळ्यातही गोठत नाहीत' हे वाक्य वर्षानुवर्षं पोरांकडून पाठ करून घेतलं, आता ते बघायचंच, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच दिवशी धक्क्यावर ओणवून त्यांनी पाण्यात हात घातला, लालभडक झालेला पंजा आमच्यासमोर धरला आणि म्हणाल्या, "हा म्हणे उष्ण! किती पोरांचे मार्क कापलेत मी याच्यावर." मग स्वतःच, "पण गोठलं नाहीये, बघा." आर्क्टिक वृत्ताच्याही उत्तरेला आम्ही होतो आणि पारा शून्याच्या आसपासच खेळत होता.

वाटेत गावोगाव कॉड वाळत घातलेले. लाकडी दांड्यांचे मोठाले मांडव, त्यावर हजारोंनी मासे. बाईंचं माहेर वर्सोव्याचं. ताईनं गाडी थांबवायच्या आत त्यांनी काच खाली केली. "वलांडी! अगं, वलांडीच की ही." वलांडी म्हणजे आपल्याकडचा बोंबील वाळवायचा मांडव. इथे कॉड वाळतात ते मीठ न लावता नुसत्या वाऱ्यावर, फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत. "आपले बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात, यांनी शेपटीला शेपटी बांधलीये. एवढाच फरक." त्या मांडवाखाली त्यांनी पाऊण तास फोटो काढले. मी वेळ जातोय म्हणून गाडीत चिडचिड करत बसले, कारण प्रकाश चांगला होता आणि माझ्या यादीतली जागा अजून वीस किलोमीटर लांब होती. हे लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

उट्टाक्लेवला बोगद्यातून गाडी बाहेर आली की समोर एकदम समुद्रच येतो. सूर्य मावळून गेला होता, निळा प्रकाश उतरायला लागला होता. ताई हीटर लावून गाडीतच बसली. डॉक्टर लांब, किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला. मी पाण्याच्या जवळच्या धोंड्यांवर ट्रायपॉड रोवला. बाई डावीकडे, माझ्यापासून तीसेक पावलांवर. बर्फावर चालायला बुटांवर चढवतात ते खिळे त्यांनी काढून ठेवले होते. त्यांचं बरोबर होतं, उघड्या खडकावर खिळे उलट सटकतात. पण त्या धोंड्यांवर शेवाळ होतं आणि शेवाळावर काचेसारखा पातळ बर्फ.

फाइलवर वेळ आहे: ६ वाजून ४७ मिनिटं. आयएसओ १००, एफ ११, चार मिनिटांचं एक्सपोजर. चार मिनिटं शटर उघडं राहिलं की लाटा पुसल्या जातात आणि माणूसही पुसला जातो. चालत्या माणसाचं काहीच उरत नाही, त्याच्या कपाळावर दिवा असेल तर त्या दिव्याची तेवढी रेघ उरते.

पडल्याचा आवाज मी ऐकला नाही. समुद्राचा आवाज होता, कानावर दोन टोप्या होत्या. पण हाक ऐकली.

"अगं, इकडे ये गं जरा."

किंचाळी नव्हती. 'वाचवा' नव्हतं. गॅसवर दूध आहे, जरा बघ, अशा सुरातली हाक. हे मी माझ्या बचावासाठी सांगतेय, कळतंय मला. पण ती तशीच होती. कॉडचा मांडव दिसला तेव्हाही त्यांनी साधारण याच सुरात हाक मारली होती. मला वाटलं, काहीतरी दाखवायचं असेल. एखादा शंख, एखादा थर. पुन्हा भूगोल.

मी मान वळवली नाही. ओरडून म्हटलं, "आले बाई, दोन मिनिटं."

दोन मिनिटं हा आकडा मी उगाच म्हटलेला नव्हता. रिमोटच्या पडद्यावर उरलेला वेळ १:५२ दिसत होता.

आणि मी तो १:५२ शून्य होईपर्यंत उभी राहिले. बाईंनी दुसऱ्यांदा हाक मारली नाही. त्या वर्गातही एकदाच हाक मारत असणार. कधीतरी मनात आलं की फारच गप्प झाल्या आहेत. कधी आलं ते सांगता येणार नाही. १:१० ला आलं असेल तर मी कोण आणि ०:१० ला आलं असेल तर कोण, याचा हिशेब मी रात्री-बेरात्री करत असते.

खरं म्हणजे कॅमेऱ्याला माझी गरजच नव्हती. शटर रिमोटनं लॉक केलेलं. मी निघून गेले असते तरी फोटो आला असता, हाच, अगदी असाच. वाऱ्यानं ट्रायपॉड हलेल म्हणून धरून उभी होते, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. धरून उभी होते का? हात खिशात होते बहुधा. शटर बंद झाल्यावर कॅमेरा तेवढाच वेळ आणखी एक काळी फ्रेम घेतो, फोटोतले दाणे कमी करायला. ती संपेपर्यंत मी थांबले नाही. माझ्या बाजूनं एवढं मांडता येतं.

बाई दोन धोंड्यांच्या बेचक्यात बसलेल्या होत्या. उजवा हात डाव्या हातात, बाळाला धरावं तसा. हातमोज्याच्या वर मनगट ज्या बाजूला वळलं होतं त्या बाजूला मनगट वळत नाही. पाणी बुटांपर्यंत येऊन जात होतं. हेडटॉर्च उडून खाली दगडात पडलेला, तसाच जळत होता. मला बघून म्हणाल्या, "झाला का फोटो?"

टोचून नाही हो. खरंच विचारलं. तेच तर अवघड आहे.

डॉक्टर आमची दातांची, पण तिनं ओढणी आणि ट्रायपॉडच्या पिशवीतल्या पट्ट्यांनी हात बांधला. ताईनं बर्फाच्या रस्त्यावर गाडी अशी काढली की लेकनेसजवळच्या हॉस्पिटलपर्यंत कुणी बोललं नाही. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली होती. तिथल्या बाकावर बसून कॉफी पिताना ताईनं विचारलं, "तू जवळ होतीस ना? तुला ऐकू नाही आलं?"

मी म्हटलं, "नाही. लाटांचा आवाज केवढा होता."

दार उघडं होतं. आतल्या खाटेवर बाई होत्या, माझं वाक्य त्यांना ऐकू गेलं. आणि माझं "आले बाई, दोन मिनिटं" त्यांनी किनाऱ्यावर ऐकलेलं होतंच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि नर्सला इंग्रजीत विचारलं की इथे चहा मिळेल का.

आज तीन वर्षं होत आली. बाई त्याबद्दल चकार शब्द बोललेल्या नाहीत, ना मला, ना त्या दोघींना. ताई, डॉक्टर, तुम्ही हे वाचत असाल तर तुम्हालाही आत्ताच कळतंय.

तर रेघ. आडवी आहे तोवर बाई चालताहेत. थरथरते तिथे पाय सटकला. खाली जाते ती त्या पडल्या. आणि तो ठिपका एवढा जाड, एवढा पांढराफटक का, तर दिवा एका जागी पडून जळत राहिला आणि माझं शटर उघडं होतं. मी लवकर बंद केलं असतं तर ठिपका बारीक आला असता. बाकी कुणाला नाही, पण मला तो वाचता येतो.

म्हणून काढत नाही, असं मी बरेच दिवस मानत होते. पण गेल्या वर्षी हा फोटो फ्रेम करून प्रदर्शनात लावला, लोक समोर थांबले, आणि मला बरं वाटलं. मग हे नेमकं काय आहे? प्रायश्चित्त करायचं तर फोटोच डिलीट करायचा होता. रेघ ठेवून फोटो मिरवायचा म्हणजे तर जास्तच झालं. कधी वाटतं, एका मनगटाचं काय एवढं, हाड जुळलं, बाई पुन्हा ट्रेकला येतात, जाऊ दे. मग आठवतं की थंडीत त्या अजून डाव्या हातानं चहा गाळतात.

दिवाळीत बाईंकडे गेले होते. त्यांनी स्वतःहून तो फोटो मागितला, हॉलमध्ये लावायला. मी विचारलं, "रेघ काढून देऊ?" त्या चकल्या डब्यात भरत होत्या. म्हणाल्या, "तुझा फोटो आहे. तुला हवं तसं दे."

मी दोन्ही प्रिंट काढून आणल्या. दोन्ही नळकांडी कपाटावर आहेत. अजून दिलेली नाहीत.