रेस्टिंग स्कॅन आणि रात्री साडेनऊचा स्लॉट

पीएचडीसाठी मला बघायचं होतं ते एवढंच: माणूस डोकं चालवत असताना मेंदूतले भाग एकमेकांशी जसे जोडलेले दिसतात, तसेच तो नुसता पडून असतानाही दिसतात का? एथिक्स कमिटी, संमतीपत्रं, स्वयंसेवक, सगळं वेळेत झालं. घोडं अडलं मशीनपाशी.

हॉस्पिटलचं ३ टेस्ला (चुंबकाची ताकद) एमआरआय दिवसभर पेशंटसाठी, ते बरोबरच आहे. मला रात्री साडेनऊचा स्लॉट मिळाला. प्रत्यक्षात नंबर लागायचा साडेअकराला. मेसमध्ये जेवून आलेली पोरं दोन तास बाकावर पेंगायची. आधी दहा मिनिटं रेस्ट: डोळे उघडे, समोरच्या क्रॉसकडे बघायचं. त्या खडखडाटातही गडी डाराडूर! मग एन-बॅक, म्हणजे दोन आकड्यांपूर्वीचाच आकडा परत आला की बटण दाबायचं; त्यात सगळे टक्क जागे. म्हणजे मी काम आणि विश्रांतीची तुलना करतच नव्हते, जाग आणि झोपेची करत होते. रेस्टिंग स्कॅनमध्ये साधारण एक तृतीयांश लोक पहिल्या तीन मिनिटांतच झोपेकडे सरकतात, हे २०१४ सालीच छापून आलंय. मी ते वाचलं अकरा स्कॅन झाल्यावर. अकराही बाद.

सकाळच्या स्लॉटसाठी अर्ज केला. साहेब रजेवर. पुन्हा केला, तर नमुना बदललेला. तिसऱ्यांदा नुसता शिक्का मिळाला. शेवटी टेक्निशियनदादाच म्हणाले, "मॅडम, रविवारी सातला मशीन मोकळंच असतं की!"

पुढचं विश्लेषण घरबसल्या झालं, पण एक सांगते. टास्क (इथे एन-बॅक) सुरू झालं की मेंदूतल्या दोन भागांचे सिग्नल एकदम चढतात, थांबलं की एकदम उतरतात. त्यांचा आपसात संबंध नसला तरी कोरिलेशन, म्हणजे एकत्र चढण्या-उतरण्याचं माप, फुगतं. टास्कमुळे येणारा तो सरासरी प्रतिसाद आधी वजा करा. मी त्यासाठी एफआयआर (फायनाइट इम्पल्स रिस्पॉन्स) मॉडेल वापरलं; ते प्रतिसादाचा आकार आधी गृहीत न धरता क्षणाक्षणाने मोजतं. केल्यावर माझे निम्मे 'शोध' गायब झाले आणि टास्कचं जाळं बरंचसं रेस्टसारखंच दिसू लागलं. नुसतं पडून असतानाही डाव्या-उजव्या हालचाल-केंद्रांचे संथ चढउतार जुळतात, हे भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्येच दाखवलं होतं म्हणा. रेस्ट आणि टास्क, दोन्हीकडचे फ्रेम्स (स्कॅनमधली एकेक प्रतिमा) सारख्याच संख्येने घ्या, नाहीतर तुलना लंगडी पडते. डोकं हललेले फ्रेम्स काढल्यावर मोजा, आधी नाही. आणि हो, रेस्ट टास्कच्या आधीच घ्या. टास्कचा असर नंतरही रेंगाळतो.

मशीन म्हणजे मोठं चुंबक; तेव्हा ओढणीला सेफ्टी पिन आहे का, हे स्वयंसेवकाला दोनदा विचारा.

सकाळच्या स्लॉटच्या त्या अर्जाचं उत्तर परवा आलं. "आवश्यक कागदपत्रे जोडावीत."