तुम्ही विचारलंत म्हणून: एवढा जोर येतो कुठून?

गणपतीचे दिवस संपून शाळेत परतले की हा प्रश्न ठरलेला. सहकारी विचारतात, मुलांच्या आया विचारतात, आमचे दूधवाले काकासुद्धा विचारतात, "बाई, पंधरा किलोचा ढोल कमरेला बांधून तासन्‌तास वाजवता. एवढा जोर आणता कुठून?" दरवेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेते. यंदा नीट सांगते. बारा वर्षं ढोल-ताशा पथकात वाजवल्यावर आता कुठे मलाच ते उमगायला लागलंय.

पहिल्या वर्षीचं आधी सांगायला हवं. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत मंडईपासून अलका टॉकीज चौकापर्यंतचं अंतर जेमतेम दोन किलोमीटर, पण ते कापायला तासांवर तास जातात. बेलबाग चौकातली गर्दी पाहिली आणि मी अंगात आल्यासारखी वाजवत सुटले. कुंटे चौक येईपर्यंत उजव्या हाताची मूठ उघडेना. टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आवळून आवळून तर्जनीच्या मुळाशी फोड आला होता, तो फुटून टिपरू चिकट झालेलं. थापी मारून डावा तळहात सुजलेला. एका ताईने काही न बोलता माझ्या कमरेची गाठ सोडली, ढोल काढून घेतला. उरलेला रस्ता मी रिकाम्या हातांनी चालले. मागे ढोल घुमत होते आणि मला रडू आवरत नव्हतं.

पुढच्या वर्षी सराव सुरू झाला तेव्हा आमचे ताशावाले दादा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. थोडा वेळ नुसतं बघितलं आणि म्हणाले, "टिपरू आवळू नकोस. पडू दे त्याला."

ढोलाचं पान, म्हणजे ज्यावर टिपरू पडतं तो तोंडावरचा पडदा, ताणलेलं असलं की पडलेलं टिपरू आपोआप उसळतं. मनगट मोकळं असेल तर हात वर न्यायचं निम्मं काम ती उसळीच करते. मी मूठ आवळून तीच दाबत होते आणि मग स्वतःच्या ताकदीने हात पुन्हा उचलत होते. मेहनत दुप्पट, वर आवाज बद्द. तो अख्खा पावसाळा नदीपात्रात, संध्याकाळी सातनंतर, मी एवढंच केलं: टिपरू पाडायचं आणि उसळी ऐकायची. चामड्याचं पान सर्द हवेत सैलावतं आणि उसळी मरते. आता बऱ्याच ढोलांना फायबरची पानं असतात, तरी वाजवून वाजवून दोर ढिले पडतातच. अशा वेळी जोर लावून काहीही होत नाही. थांबून ढोल ताणावा लागतो.

थांबायचं तर शिकावंच लागतं. ताशाची तर्री, म्हणजे काड्यांचा सलग कडकडाट, चालू असते तेव्हा ढोल गप्प असतात. नवीन मुलांचे हात शिवशिवतात, एखादं टिपरू आधीच पडतं. पण त्या शांततेनंतर पन्नास ढोल एकदम पडतात तेव्हा छातीत जे होतं, ते त्या गप्प बसण्यातून येतं. श्वासही तिथेच घेऊन ठेवायचा.

आणि एक गोष्ट आहे, ती मला फार आवडते. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर लांबीच्या रांगेत पुढचा ठोका शेवटच्या ढोलापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. चालता ठेका असेल तर तेवढ्याने वादन फाटतं. म्हणून मागच्यांनी नुसत्या कानावर विसंबायचं नसतं, पुढच्याचं टिपरू कधी वर जातं ते बघायचं. नजर समोरच्या हातावर असली की आपला हात किती दुखतोय याचा विसर पडतो. चौथ्या तासाला मला तारून नेते ती ही नजर.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला. पहिल्या पंधरवड्यात मी बेलबाग चौकातल्यासारखीच वागले. औषधं, व्यायाम, स्वयंपाक, रात्रीची जागरणं, सगळं मीच, सगळं पूर्ण ताकदीने. सोळाव्या दिवशी वाटी धरताना माझाच हात थरथरला. तेव्हा दादांचं वाक्य आठवलं. भावाला फोन केला, "रविवार तुझा," म्हटलं. दुपारची एक झोप ठरवून घेतली. बाबांचा हात उचलताना मी त्यांच्या आधी जोर लावत होते, तेही सोडलं. हात टेकवून ठेवायचा आणि त्यांच्याकडून हालचाल येते का याची वाट बघायची. कधी यायची, कधी नाही. आली की लगेच कळायचं, पानावरच्या उसळीसारखं.

आता कोणाला यायचंच असेल तर सांगते. सराव गणपतीच्या आधी दोनेक महिने सुरू होतो. कानात घालायला कापूस आणा, बोटांना गुंडाळायला चिकटपट्टी आणा. पहिले काही दिवस ढोल मिळणार नाही, टाळ्यांवर ठेका म्हणावा लागेल. कंटाळू नका. मी डावीकडच्या रांगेत असते, दुसरी.