तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीला जपानसाठी कसं तयार केलंत?

लग्नात, सोसायटीच्या मीटिंगला, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असतानाच हे विचारलं. सगळ्यांना यादी हवी असते. घ्या. बारावीचा निकाल मेमध्ये लागतो आणि तिकडचं वर्ष एप्रिललाच सुरू झालेलं असतं, म्हणून सप्टेंबरमध्ये प्रवेश देणारे, इंग्रजीतून शिकवणारे कोर्स बघा. सीओई, म्हणजे व्हिसाआधी लागणारं जपान सरकारचं पात्रता प्रमाणपत्र, विद्यापीठामार्फत येतं, मग व्हिसा. घरचा मिक्सर नेऊ नका, तिकडे वीज 100 व्होल्टची. शाकाहारी असाल तर मिसो सूपच्या पाण्यातसुद्धा बहुधा सुकवलेला मासा असतो.

झाली यादी. यात मी केलं काय, म्हणाल तर एक्सेल शीट.

आणि तिथल्या एका विद्यापीठाचा ऑनलाइन इंटरव्ह्यू घालवला.

त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे पुण्यात साडेपाच. ती टेबलाशी, इस्त्री केलेल्या शर्टात आणि खाली पायजम्यात. मी लॅपटॉपच्या मागे पलंगावर, हातात साड्यांच्या खोक्याचे पुठ्ठे. त्यावर जाड मार्करने मुद्दे: 'जपानच का', 'पाच वर्षांनी कुठे', 'संशोधनाची आवड'. कोपऱ्यात नंबरसुद्धा घातले होते. पहिले दोन प्रश्न पुठ्ठ्यावरचेच आले. मी खूश. मग त्या प्राध्यापकांनी विचारलं, एकटं वाटलं तर काय करशील? तो पुठ्ठा नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने दोन नंबरचा वर केला, का ते देव जाणे.

ते अगदी सौम्यपणे म्हणाले, खोलीत आणखी कोणी आहे का?

"हो. बाबा आहे." खोटं बोलली नाही पोरगी. मग मान खाली घालून 'सुमिमासेन', म्हणजे माफ करा, म्हणाली. त्यांनी तिला सांगितलं, बाबांना गुड मॉर्निंग सांग. ओरडले असते तर बरं झालं असतं. माइक बंद करून ती म्हणाली, "बाबा, तू बाहेर जा." मी पुठ्ठे घेऊनच बाहेर गेलो. वरच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली तेव्हा मी संडासाच्या दाराशी उभा होतो, तेवढं लख्ख आठवतं.

तिथे ती लागली नाही.

आता, माझीही बाजू आहे. क्लासवाले पैसे घेऊन याहून जास्त पढवतात. सतरा वर्षांच्या मुलीला एकटीला बसवणारा बाप निष्काळजी ठरला असता, तुम्हीच बोलला असतात. हे मी तेव्हा म्हणत होतो, आजही म्हणतो, फक्त आवाज जरा खाली आलाय.

पुढचा अर्ज तिने स्वतः भरला. सीओई आल्यावर मला कळलं. बॅगेतली मी भरलेली सर्दीच्या गोळ्यांची पाकिटं तिने काढली. स्यूडोएफेड्रिन हा सर्दीच्या गोळ्यांतला घटक 10 टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथे चालत नाहीत, हे माझ्या एक्सेलमध्ये नव्हतं. आता ती जपानमध्ये बेप्पूला असते. पोचल्यावर 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, म्हणून मी तिसऱ्या दिवशी आठवण करायला फोन केला. "कालच केलं," म्हणाली.

पुठ्ठे माळ्यावर आहेत. मी खोलीत नसतो तर ती तिथे लागली असती का, हे तिला विचारायचं राहिलंय. दर रविवारी फोन असतो. हवामानावर बोलतो आम्ही.