पहिल्या खेपेला नळी निळी झालीच नाही

पांढरकवड्याकडे माझ्या मामाचं गाव. तिथे बोअरच्या फ्लोराइडवाल्या पाण्यावर वाढलेल्या पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे दिसतात. मामा पाणी उकळून पितो. उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटलं तर उलट वाढतं, हे सांगून मी थकले. एमएस्सीच्या प्रोजेक्टला म्हणूनच फ्लोराइड ओळखणारा ई. कोलाय हा जंतू घेतला.

वाचताना सोपं वाटलं होतं. येल विद्यापीठातल्या रोनाल्ड ब्रेकर यांच्या गटाने २०१२ मध्ये जंतूंमधला एक आरएनएचा तुकडा दाखवला. फ्लोराइड चिकटलं की त्याची घडी बदलते आणि पुढचं जनुक चालू होतं. पुढे लॅकझेड हे जनुक जोडायचं, त्याच्या एन्झाइमने निळं होणारं एक्स-गॅल हे रसायन घालायचं, निळा रंग आला की फ्लोराइड आहे. जैवसुरक्षा समितीच्या परवानगीत दोन महिने गेले, क्लोनिंग, म्हणजे हे तुकडे जोडून जंतूत घालणं, दुसऱ्या खेपेला जमलं. सोडियम फ्लोराइड घालून नळ्या ३७ अंशांवर रात्रभर ठेवल्या. सकाळी सगळ्या पिवळट गढूळ. निळ्याचा पत्ता नाही.

तीन आठवडे मी प्लास्मिडलाच, म्हणजे हे तुकडे बसवलेल्या डीएनएच्या कड्यालाच, शिव्या दिल्या. मग मॅडम म्हणाल्या, "अगं, फ्लोराइड आत राहतंय का ते बघ आधी." राहत नव्हतं. ई. कोलायचं सीआरसीबी नावाचं प्रथिन ते बाहेर फेकून देतं. ज्याला ओळखायला बसवलं, तोच पाहुण्याला दारातून हाकलत होता! ते जनुक काढलेला वाण मागवला, प्लास्मिड तोच. या वेळी नळ्या निळ्या झाल्या.

पण किती फ्लोराइडला? आपल्याकडे मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. म्हणजे जेमतेम ७९ मायक्रोमोल. माझा रंग खात्रीने दिसायचा २०० च्या पुढे. मामाच्या बोअरचं पाणी प्लास्टिकच्या बाटलीत आणलं (फ्लोराइडचे नमुने काचेत ठेवत नाहीत). नळी मला निळसर दिसली, शेजारच्या मैत्रिणीला नाही. फ्लोराइड मोजणाऱ्या इलेक्ट्रोडने सांगितलं लिटरला २.६ मिलिग्रॅम.

शिवाय हे जिवंत जंतू गावात न्यायला मनाई. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या ज्युलियस लक्स यांच्या गटाने पेशीच वगळली. तिच्यातली यंत्रणा तेवढी काढून, सुकवून वापरली आणि कोस्टा रिकात पाण्यावर तपासली. त्यांचा २०२० चा लेख मी आधी वाचला असता तर वर्ष वाचलं असतं.

मामाला फोन केला. "मंग पिऊ का नको?"

"नको."

"मंग कोणतं पिऊ?"