ठिबकच्या ॲपवर घुबड

धुळ्यात आम्ही काही जण मिळून ठिबकच्या पाळ्या लावून देणारं ॲप बनवतो. कोड खुला आहे, कुणीही घ्यावा, बदलावा. बाहेरगावची पोरं त्यात भर घालू लागली तसा प्रकल्पाला मॅस्कॉट, म्हणजे ओळखीचं चित्र हवं, असा आग्रह सुरू झाला आणि एका शनिवारी आम्ही त्यासाठीच बसलो.

मॅस्कॉट लोकांना आपला वाटला पाहिजे, हे माझं पक्कं मत. लिनक्स या खुल्या संगणक प्रणालीचा पेंग्विन लॅरी युइंग यांनी १९९६ साली काढला. गो या प्रोग्रॅमिंग भाषेचा गोफर, म्हणजे बिळात राहणारा उंदरासारखा प्राणी, रेने फ्रेंच यांचा. त्यांचं नाव दिलं की तो कुणालाही बदलून वापरता येतो, म्हणून जगभर त्याला नाना टोप्या-कपडे चढलेत. आपलं चित्रही असंच लोकांच्या हाती द्यायचं, यावर एकमत होतं. पण चित्र कशाचं? केळीचा घड, कापसाचं बोंड, भरताचं वांगं, सगळं निघालं. मी म्हणालो, रानपिंगळा, म्हणजे रानातलं लहानसं घुबड.

खान्देशाला याहून मोठा मान कुठल्या पाखराने दिला असेल, असं मला वाटत नाही. १८८४ नंतर तो खात्रीने कुणाला दिसलाच नव्हता. १९१४ साली तापीकाठी मांडवीला मिळाल्याची एक नोंद होती, ती खोटी निघाली. मायनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती लबाडी उघडकीस आणली, ती जागा शोधातून वगळली, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हा पक्षी दिसला तो आपल्या शहाद्याजवळ. आमच्या कोडमध्ये प्रत्येक बदल कुणी, कधी केला ते लिहिलेलं राहतं. खरी नोंद किती मोलाची, हे सांगायला दुसरा कुणी लागत नाही.

चित्र काढणाऱ्या ताईने लगेच टॅबवर रेघा ओढल्या. डोक्यावर ठिपके आले, तसे मी थांबवलं. ते आपल्या गावातल्या नेहमीच्या पिंगळ्याचे. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, शेपटीवर रुंद गडद पट्टे, पाय जाड. तिने ठिपके पुसले, पट्टे रुंद केले. मग ॲपच्या चिन्हाएवढं लहान करून पाहिलं तर पट्टे पार गेले, उरले ते दोन पिवळे डोळे. ते मात्र लांबून ओळखू येत होते.

ॲप आधी शेतात लावून बघणारे नाना तोवर गप्प होते. त्यांनी टॅब हातात घेतला. "हाई काय शे रे भाऊ? घुबड? सकाळी सकाळी शेतकऱ्याने मोबाईल उघडून घुबडाचं तोंड पाहायचं?"

यावर कुणालाच बोलता येईना. अपशकुनाची भीती वर्षानुवर्षांची, ती 'अंधश्रद्धा' म्हणून झटकून टाकणं मला पटत नाही. मी एवढंच सांगितलं, की हा दिवसाही शिकार करतो.

"खातो काय?"

"सरडे, टोळ, उंदीर."

नाना सावरून बसले. ठिबकच्या नळ्या उंदरांनी कुरतडल्या, की पाणी कुठल्या कुठे वाहून जातं, आणि भर उन्हात वाकून सांधे जोडत बसावं लागतं ते त्यांनाच. मी हेही सांगितलं, की रानपिंगळा सागाच्या रानातला, शेतात तो फारसा यायचा नाही.

"त्याचे भाऊबंद तर येतात ना," नाना म्हणाले. "ताई, त्याच्या पंजात उंदीर दाखव. आणि उंदराच्या तोंडात नळी."

ताईने तसंच काढलं. सोमवारी तिचं नाव आणि वापराची मुभा लिहून आम्ही ते चित्र कोडसोबत ठेवलं.