यंत्रमागाचे पिक मोजणारा बीगलबोन: आतापर्यंतचं काम

सोलापुरी चादरीच्या मागाला पिक काउंटर, म्हणजे विणले जाणारे आडवे धागे (पिक) मोजणारं साधन, बसवायचं तर लिनक्सची गरज काय? एका मागासाठी काहीच नाही, स्वस्तातला मायक्रोकंट्रोलरही पुरतो. पण शेडमधले सगळे माग एका ठिकाणी मोजून पाळीनुसार फाइल हवी असेल, तर बीगलबोन ब्लॅक हा लिनक्स चालवणारा छोटा संगणक-बोर्ड सोयीचा पडतो. २०१३ सालचा बोर्ड: १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी रॅम, आणि सर्किटची सगळी रेखाचित्रं खुली. कुठली पिन कुठे जाते हे अंदाजाने ठरवावं लागत नाही.

सेन्सर इंडक्टिव्ह, म्हणजे जवळ आलेला धातू ओळखणारा, घेतला. प्रकाशाच्या सेन्सरवर तूस बसतो आणि दोन दिवसांत मोजणी बंद पडते. इंडक्टिव्हला तूस दिसतच नाही. एम-१८ (१८ मिमी जाडीचा), एनपीएन (धातू समोर आला की आउटपुटची तार ग्राउंडला जोडणारा), २४ व्होल्ट. क्रँकशाफ्टच्या गिअरवरच्या बोल्टपासून ३ मिमी अंतर ठेवलंय. एक फेरा म्हणजे एक पिक.

आता नाजूक भाग. बोर्डची पिन ३.३ व्होल्टची आहे. २४ व्होल्ट लागले तर प्रोसेसर गेलाच म्हणून समजा. म्हणून मध्ये पीसी-८१७ ऑप्टोकपलर, म्हणजे तारेने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा भाग. २४ व्होल्टवरून ४.७ किलोओहम, मग त्याचा एलईडी, मग सेन्सरची काळी (आउटपुटची) तार; प्रवाह साधारण ५ मिलीअँपिअर. २.२ किलोओहम लावला तर पाव वॉटचा रेझिस्टर मर्यादेवर तापतो. दुसऱ्या बाजूला कलेक्टर पी९_१२ ला (पी९ या पट्टीवरची १२ वी पिन), एमिटर पी९_१ ला (ग्राउंड). १० किलोओहमचा पुल-अप (पिन एरवी ३.३ व्होल्टवर धरून ठेवणारा रेझिस्टर) बोर्डच्याच ३.३ व्होल्टच्या पी९_३ वरून घ्या. वेगळ्या सप्लायवरून घेतला तर बोर्ड बंद असतानाही पिनवर व्होल्टेज येतं, आणि हे बोर्डला चालत नाही.

पिन वाचायला लिनक्सच्या लिबजीपीआयओडी या लायब्ररीतली जीपीआयओमॉन ही आज्ञा वापरली. या आज्ञेला लागणारा चिप आणि लाइनचा (पिनचा) क्रमांक पाठ करू नका, कर्नल बदलला की बदलू शकतो. आधी जीपीआयओइन्फो या आज्ञेच्या यादीत पी९_१२ शोधा. बोल्टच्या कडेवर कधी दोन पल्स येतात. मिनिटाला १२० फेरे धरले तर दोन पिकांत ५०० मिलीसेकंद, म्हणून १५० मिलीसेकंदांच्या आतली दुसरी पल्स टाकून दिली. मोजणी जुळली.

लिनक्सच्या नव्या इमेजनं (कार्डावर लिहायच्या तयार प्रतीनं) मात्र डोकं खाल्लं. एसडी कार्ड घातलं, बोर्ड चालू झाला, पण ओव्हरले (पिनांची मांडणी सांगणारी फाइल) लागेना. कारण बूटलोडर (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) ईएमएमसीमधला, म्हणजे बोर्डवरच्या कायमच्या मेमरीतला, जुनाच चालतोय. एसडी कार्डाजवळचं एस-२ बटण दाबून धरूनच वीज द्या, म्हणजे बूटलोडरही कार्डावरचा चालतो. रिसेट करताना दाबून उपयोग नाही. ती निवड वीज येतानाच होते.

वीज गेली की घड्याळ मागे जातं, बोर्डला बॅटरीवरचं घड्याळ नाही. डीएस-३२३१ हे बॅटरीवर चालणाऱ्या घड्याळाचं मॉड्यूल पी९_१९ आणि पी९_२० वर लावलं. त्याला ३.३ व्होल्टच द्या. ५ दिले तर मॉड्यूलवरचे पुल-अप तेच ५ पिनवर नेतात.

आकडे आधी रॅममध्ये जमतात, दर ५ मिनिटांनी ईएमएमसीवर उतरतात. वीज गेली तर जास्तीत जास्त तेवढंच नुकसान. सप्लाय ५ व्होल्ट, २ अँपिअर. पी९_५ (५ व्होल्टची पिन) वर ४.७५ च्या खाली दिसलं तर आधी बारीक तार बदला. डबा बंद अ‍ॅल्युमिनियमचा, जाळी नाही. बोर्ड २ वॉटच्या आसपासच खातो, म्हणून बंद डबा चालतो.

राहिलं ते धोटा अडकून माग थांबल्याची वेळ नोंदवणं. सध्या ३ सेकंद पल्स आली नाही की 'थांबला' असं लिहितोय, पण कामगार बॉबिन बदलतो तेव्हाही तेच लिहिलं जातं.